दूरदेशीचा निकाल कसा वाचावा : जहाल उजव्या पक्षांच्या उदयाचा अभ्यास करू पाहणाऱ्या मंडळांसाठी

युरोपातील एखाद्या देशात निवडणूक होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘अतिउजव्यांची मुसंडी’ असा मथळा येतो, आणि वाचणाऱ्याच्या हाती एका नेत्याचे हसरे छायाचित्र आणि मतांचा एक टक्का एवढेच लागते. परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर गेली काही वर्षे आम्ही रविवारी सकाळी बसून अशा बातम्या नीट वाचण्याचा प्रयत्न करीत आहोत. बसणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेमुली असतात, दोन-तीन निवृत्त शिक्षक असतात, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक मामा असतात आणि शेतीची घाई नसेल तेव्हा जवळपासच्या खेड्यांतील शेतकरीही येतात. त्या बैठकांतून जी पद्धत हळूहळू तयार झाली ती इथे मांडत आहे. जहाल उजव्या पक्षाला किती मते पडली यावर थांबू नये. निवडणुकीच्या नियमाने त्या मतांच्या किती जागा केल्या आणि शेजारच्या जुन्या पक्षांनी त्याच्यासाठी दार उघडले की लावले, हे पाहावे, असा या पद्धतीचा गाभा आहे.

आधी शब्द ठरवावेत

पहिली बैठक पूर्णपणे शब्दांसाठी ठेवावी, कारण इथे घाई केली तर पुढच्या सगळ्या चर्चा भरकटतात. वर्तमानपत्रे ‘अतिउजवे’ हा एकच शब्द सगळ्यांना लावतात. अभ्यासक मात्र त्यात दोन भाग करतात. निवडणूक, संसद आणि बहुमताचे राज्य मान्य करणारा, पण अल्पसंख्याकांचे हक्क, न्यायालयांची स्वायत्तता आणि सत्तेवरील मर्यादा यांना विरोध करणारा पक्ष हा जहाल उजवा. आणि लोकशाहीच नाकारणारा, हिंसा किंवा खासगी सेना बाळगणारा पक्ष हा अतिरेकी उजवा. ‘जहाल’ म्हटले की आपल्याला शाळेतील पाठ आणि लोकमान्य टिळक आठवतात, त्यामुळे हा शब्द इथे केवळ ‘तीव्र, मुळावर घाव घालणारा’ एवढ्याच अर्थाने घेतला आहे, हे फळ्यावर लिहूनच ठेवावे. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याला पहिल्याच दिवशी हरकत घेतली होती आणि ती योग्य होती.

अतिरेकी उजव्यांचे उदाहरण म्हणून ग्रीसमधील ‘गोल्डन डॉन’ हा पक्ष घ्यावा. कर्जसंकटाच्या काळात, २०१२ साली, सुमारे ७ टक्के मते घेऊन तो संसदेत शिरला. त्याची टोळकी रस्त्यावर स्थलांतरितांना मारहाण करीत. २०१३ मध्ये त्याच्या समर्थकाने एका फॅसिझमविरोधी गायकाचा खून केला. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अथेन्सच्या न्यायालयाने या पक्षाचे नेतृत्व म्हणजे गुन्हेगारी संघटना असल्याचा निकाल दिला. मराठवाड्यात हे सांगताना समोरच्या वृद्ध माणसांच्या मनात रझाकार उभे राहतात. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या त्या सशस्त्र दलाच्या आठवणी सतरा सप्टेंबर जवळ आला की घरोघरी निघतात, आणि त्या निघाव्यातच. मात्र बैठकीत एक फरक स्पष्ट करावा लागतो : रझाकार एका अनिर्बंध संस्थानी राजवटीच्या आधाराने वाढले, त्यांना मतपेटीची गरज पडली नाही, आणि आपण ज्या पक्षांचा अभ्यास करतो आहोत ते मतपेटीतूनच येतात. काठी आणि बंदूक घेऊन येणारा ओळखायला सोपा असतो. जाहीरनामा घेऊन येणाऱ्यासाठी वेगळी कसोटी लागते.

ती कसोटी डच राज्यशास्त्रज्ञ कास मुडे यांनी तीन लक्षणांत मांडली आहे आणि बहुतेक अभ्यासक आज तीच वापरतात. पहिले लक्षण म्हणजे राष्ट्र हे केवळ मूळ रहिवाशांचे असावे, परके लोक आणि परके विचार हा त्याला धोका आहे, ही धारणा. महाराष्ट्रात यासाठी ‘भूमिपुत्रवाद’ हा शब्द चटकन सुचतो, पण आपल्याकडे त्या शब्दाला नोकऱ्यांतील वाट्याचा वास आहे आणि इथे प्रश्न नागरिकत्वाचा आणि संस्कृतीचाही आहे. ‘मूळनिवासी’ हा शब्द तर आपल्याकडे अगदी वेगळ्या चळवळीचा आहे, म्हणून तो टाळावा. दुसरे लक्षण म्हणजे कठोर शिस्त आणि कठोर शिक्षा यांनीच समाज चालतो ही श्रद्धा. तिसरे म्हणजे लोकानुनयवाद. या शब्दाने हमखास घोटाळा होतो, कारण वीजबिल माफी किंवा फुकट धान्य म्हणजे लोकानुनय असे आपण समजतो. इथे त्याचा अर्थ असा, की समाजाचे दोनच भाग आहेत, एकीकडे निष्कलंक सामान्य जनता आणि दुसरीकडे तिला लुटणारे भ्रष्ट वरिष्ठ, आणि त्या जनतेचा खरा आवाज फक्त आमचाच पक्ष आहे, असा दावा. तिन्ही लक्षणे एकत्र असतील तरच मंडळाच्या नोंदवहीत ‘जहाल उजवा’ लिहावे. केवळ कर कमी करा म्हणणारा किंवा धर्मपरायण असणारा पक्ष यात बसत नाही, आणि नावडत्या प्रत्येकाला हा शिक्का मारला की शिक्क्याला काही किंमत उरत नाही.

धान्याचे दाणे आणि दहा वाट्या

दुसऱ्या बैठकीला एक किलो ज्वारी, तेवढाच हरभरा, थोडी तूर आणि दहा वाट्या आणाव्यात. हा प्रयोग आम्ही प्रत्येक नव्या तुकडीला करून दाखवतो आणि तो कधीही वाया गेलेला नाही. प्रत्येक वाटी म्हणजे एक मतदारसंघ, प्रत्येक वाटीत दहा दाणे, म्हणजे एकूण शंभर मतदार. त्यातले वीस दाणे तुरीचे, म्हणजे जहाल पक्षाचे. आधी प्रत्येक वाटीत तुरीचे दोन-दोन दाणे टाकावेत आणि उरलेले आठ ज्वारी-हरभऱ्यात मनाला येतील तसे वाटावेत. कसेही वाटले तरी तूर एकाही वाटीत पहिली येत नाही : मते २० टक्के, जागा शून्य. आता तेच वीस दाणे उचलून तीन वाट्यांत सहा-सहा आणि चौथीत दोन टाकावेत. मतदार तेवढेच, पण तीन जागा हमखास. आणि मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा नियम असेल तर दाणे कुठेही पडोत, दहापैकी दोन जागा मिळणारच.

एवढे डोळ्यांनी पाहिल्यावर फ्रान्सचे आकडे सांगावेत. ज्याँ-मारी ल पेन यांचा ‘नॅशनल फ्रंट’ १९७२ साली स्थापन झाला. १९८६ मध्ये तिथे काही काळापुरती प्रमाणशीर पद्धत आणली गेली, त्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे ९.७ टक्के मते आणि ३५ जागा मिळाल्या. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, जुनी दोन फेऱ्यांची पद्धत (पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील तर पुढे असलेल्यांत दुसरी फेरी) परत आली. मते पुन्हा जवळपास तितकीच पडली आणि जागा मिळाली १. हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा वाहक मामा बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, मतं तेवढेच हायेत, मग चौतीस मानसं गेले कुठं?” या प्रश्नाचे उत्तर पुन्हा वाट्यांतूनच द्यावे. एका वाटीत तुरीचे चार, ज्वारीचे तीन आणि हरभऱ्याचे तीन दाणे ठेवावेत. पहिल्या फेरीत तूर पुढे आहे. आता दुसऱ्या फेरीसाठी हरभऱ्याच्या उमेदवाराने माघार घेऊन ज्वारीला पाठिंबा दिला, की सहा विरुद्ध चार.

या धड्याचे महत्त्व मला माझ्या चुकीतून कळले. ३० जून २०२४ रोजी फ्रान्सच्या संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली, त्यात ल पेन यांच्या कन्येने ‘नॅशनल रॅली’ असे नवे नाव दिलेला तोच पक्ष, मित्रांसह, सुमारे ३३ टक्के मते घेऊन पहिला आला. मी बैठकीत ठामपणे सांगितले की आता सत्ता त्यांचीच. पुढच्या आठवड्यात दोनशेहून अधिक मतदारसंघांत तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांनी माघार घेतली आणि ७ जुलैला तो पक्ष जागांच्या हिशेबात तिसरा राहिला. वाट्यांचा प्रयोग मीच शिकवत होतो आणि तरीही टक्क्याने मला फसवले. तेव्हापासून आमच्या वहीत मतांच्या टक्क्याशेजारी ‘निवडणुकीचा नियम’ हा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय कोणी मत मांडत नाही.

ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच ‘सर्वाधिक मते तो विजयी’ अशी पद्धत आहे. २०२४ मध्ये ‘रिफॉर्म यूके’ला १४.३ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्क्यांवर ७२. हे आपल्या माणसांना समजावण्यासाठी घरचेच दाखले द्यावेत : १९८४ मध्ये काँग्रेसला सुमारे ४९ टक्के मतांवर लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा मिळाल्या आणि २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२. तिरंगी-चौरंगी लढतीचे गणित मराठवाड्यातील कोणत्याही चहाच्या टपरीवर पाठ असते, त्यामुळे इथे फार वेळ लागत नाही. जर्मनीत मात्र संसदेत शिरायला सर्वसाधारणपणे किमान ५ टक्के मते लागतात. ‘आल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी’ म्हणजे एएफडी हा पक्ष २०१३ मध्ये ४.७ टक्क्यांवर थांबला आणि बाहेर राहिला. २०१७ मध्ये १२.६ टक्के घेऊन आत आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये २०.८ टक्के आणि १५२ जागांसह दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला.

जागा नसणे म्हणजे प्रभाव नसणे, असेही समजू नये. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या ब्रिटनमधील ‘यूकिप’ या पक्षाला २०१५ मध्ये ३८ लाखांहून अधिक मते आणि अवघी १ जागा मिळाली होती, तरीही त्याच्याकडे मते जातील या धास्तीने सत्ताधारी हुजूर पक्षाने युरोपीय संघातून बाहेर पडण्याबाबत सार्वमताचे आश्वासन दिले होते आणि २०१६ मध्ये त्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यामुळे वहीत आणखी एक रकाना ठेवावा : ‘इतर पक्षांनी याच्या मागण्यांपैकी काय उचलले?’

नकाशा पसरून मतदाराकडे पाहावे

तिसऱ्या बैठकीला त्या देशाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि कोणत्या भागात हा पक्ष जोरात आहे ते रंगवावे. जर्मनीचा नकाशा रंगवला की एक जुनी सीमारेषा आपोआप उमटते. २०२५ च्या निवडणुकीत पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील पाचही राज्यांत एएफडी पहिल्या क्रमांकावर होता. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या, पूर्वेकडील हजारो सरकारी कारखाने काही वर्षांत विकले किंवा बंद केले गेले, तरुण माणसे आणि त्यातही तरुण मुली पश्चिमेकडे निघून गेल्या, आणि मागे राहिलेल्या गावांत शाळा, दवाखाने, आगगाड्या कमी होत गेल्या. विशेष म्हणजे परदेशी रहिवाशांचे प्रमाण याच भागात कमी आहे. २०१५ मध्ये जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार निर्वासित आले, त्यांच्याविरुद्धचा रोष जिथे ते सर्वांत कमी दिसतात तिथेही तीव्र झाला, हे ऐकून मंडळातील मुले चकित होतात.

आमच्या भागातील माणसांना हा नकाशा लवकर कळतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला निम्मी वस्ती रिकामी होणारी गावे, पुण्याला गेलेला मुलगा आणि मागे राहिलेली म्हातारी, एकाच शिक्षकावर चाललेली शाळा हे त्यांनी पाहिलेले असते. एका शेतकरी सदस्याने विचारले होते, की तिथे पोट भरलेले असताना राग कसला. याचे उत्तर शोधताना मंडळाने बराच वेळ घ्यावा, कारण सगळा विषय इथे उलगडतो. या पक्षांचे मतदार देशातील सर्वांत गरीब लोक असतातच असे नाही. आपली पत घसरते आहे, आपल्याला कोणी विचारत नाही, राजधानीतील सुशिक्षित लोक आपल्याला अडाणी समजतात, ही भावना पगाराच्या आकड्यात सापडत नाही, आणि मतदान तिच्यावर होते.

दोन खबरदाऱ्या इथे सांगतो. जिल्ह्याचा आकडा म्हणजे माणसाचे मन नव्हे. बेकारी जास्त असलेल्या जिल्ह्यात पक्षाला मते जास्त पडली म्हणून ती बेकारांनीच दिली असे सिद्ध होत नाही, शेजारच्या नोकरदारानेही दिलेली असू शकतात. दुसरी खबरदारी मला अधिक महत्त्वाची वाटते : मतदाराला शिव्या देऊ नयेत. २०२५ मध्ये एक कोटीहून अधिक जर्मनांनी एएफडीला मत दिले. त्या सर्वांना नाझी म्हणणे सोपे आहे, पण त्यामुळे आपल्याला काहीही कळत नाही, आणि पक्षाच्या धोरणावर कठोर टीका करण्यासाठी मतदाराचा अपमान करण्याची गरजही पडत नाही.

कारणे लिहिताना एकच कारण लिहिण्याचा मोह टाळावा. ‘स्थलांतरित आले म्हणून’ हे उत्तर स्पेनमध्ये अपुरे पडते. जनरल फ्रँको १९७५ पर्यंत सत्तेवर असल्याने, हुकूमशाहीची आठवण ताजी आहे म्हणून स्पेनमध्ये असा पक्ष वाढणार नाही, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. मग तिथल्या कॅटलोनिया प्रांताने २०१७ मध्ये वेगळे होण्याचा प्रयत्न केला, आणि देशाच्या एकतेचा मुद्दा घेऊन ‘व्हॉक्स’ने २०१८ मध्ये अंदालुसिया प्रांताच्या विधिमंडळात १२ आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय संसदेत ५२ जागा जिंकल्या. पोर्तुगालबद्दलही हाच समज होता. तिथे ‘शेगा’ पक्षाला २०१९ मध्ये १, २०२२ मध्ये १२, २०२४ मध्ये ५० आणि २०२५ मध्ये ६० जागा मिळाल्या. पंचवीस-तीस वर्षे लागणारी वाटचाल सहा वर्षांत झाली. इटलीत कारण आणखी वेगळे सापडते : फेब्रुवारी २०२१ मध्ये मारिओ द्रागी यांच्या सरकारात जवळपास सगळे मोठे पक्ष सामील झाले आणि जॉर्जिया मेलोनी यांचा ‘ब्रदर्स ऑफ इटली’ हा एकटा मोठा पक्ष विरोधात उरला. २०१८ मध्ये ४.४ टक्के असलेला हा पक्ष २०२२ मध्ये २६ टक्क्यांवर गेला. विरोधाची जागा रिकामी ठेवली की ती कोण भरतो, हा प्रश्न या ठिकाणी जरूर चर्चेला घ्यावा.

दार कोणी उघडले

वहीतील सर्वांत मोठे पान या प्रश्नासाठी राखावे. जहाल पक्ष स्वबळावर बहुमत मिळवून सत्तेत आला असे युरोपात क्वचित घडते. बहुतेक वेळा जुना, प्रतिष्ठित पक्ष त्याला सोबत घेतो. याचा सर्वांत भीषण दाखला आजच्या पक्षांचा नाही, तो १९३३ चा आहे, आणि तो आजच्यांशी तुलना करण्यासाठी न घेता केवळ दाराचे महत्त्व समजण्यासाठी घ्यावा. नाझी पक्षाला १९२८ मध्ये २.६ टक्के, १९३० मध्ये १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मते मिळाली. नोव्हेंबर १९३२ मध्ये ती घसरून ३३.१ टक्क्यांवर आली होती. त्यानंतर जवळपास तीन महिन्यांनी, ३० जानेवारी १९३३ रोजी, अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले, कारण माजी चॅन्सेलर फॉन पापेन आणि त्यांच्या भोवतालच्या पुराणमतवादी मंडळींना वाटले की आपण याला आपल्या मुठीत ठेवू. मते कमी होत असताना दार उघडले गेले, हा तपशील सांगितल्यावर खोलीत शांतता पसरते.

आजची उदाहरणे घेताना ऑस्ट्रियापासून सुरुवात करावी, कारण तिथे उघडलेले आणि लावलेले अशी दोन्ही दारे सापडतात. तिथल्या ‘फ्रीडम पार्टी’चा पहिला अध्यक्ष माजी नाझी अधिकारी होता. १९९९ मध्ये या पक्षाने २६.९ टक्के मते मिळवली आणि पुराणमतवादी ‘पीपल्स पार्टी’ने २००० मध्ये त्याच्याबरोबर सरकार बनवले, युरोपीय संघाच्या उरलेल्या १४ देशांनी निषेध म्हणून काही महिने ऑस्ट्रियाशी राजनैतिक संबंध मर्यादित केले. सत्तेत येताच फ्रीडम पार्टीत भांडणे लागली आणि २००२ मध्ये ती १० टक्क्यांवर आली. यावरून ‘सत्तेत घेतले की हे पक्ष आपोआप विरघळतात’ असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो टिकला नाही, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये हाच पक्ष २८.८ टक्के मते घेऊन पहिला आला. त्या वेळी मात्र पीपल्स पार्टीशी त्याची बोलणी फिसकटली आणि मार्च २०२५ मध्ये इतर तीन पक्षांनी मिळून सरकार बनवले.

जर्मनीत एएफडीशी सहकार्य न करण्याच्या संकेताला ‘आगप्रतिबंधक भिंत’ म्हणतात. २९ जानेवारी २०२५ रोजी पुराणमतवादी ख्रिश्चन डेमोक्रॅट्सनी स्थलांतराबाबतचा एक ठराव एएफडीच्या मतांच्या आधारे संमत करून घेतला, तेव्हा त्या भिंतीला तडा गेला म्हणून लाखो लोक रस्त्यावर आले. स्वीडनमध्ये २०२२ पासून सरकार ‘स्वीडन डेमोक्रॅट्स’ या जहाल उजव्या पक्षाच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे राहिले.

दार लावण्याऐवजी त्या पक्षाच्या मागण्याच उचलाव्यात, असा एक मार्ग डेन्मार्कच्या समाजवादी लोकशाहीवाद्यांनी घेतला. तिथल्या जहाल उजव्या ‘डॅनिश पीपल्स पार्टी’ला २०१५ मध्ये २१.१ टक्के मते होती, २०१९ मध्ये ८.७ आणि २०२२ मध्ये २.६. हे आकडे अनेक लेखांत विजयाचा पुरावा म्हणून येतात, आणि आमच्या मंडळातही एका मुलीने ते टाळ्या घेत मांडले होते. तेव्हा मी तिला त्याच निवडणुकीतील बाकीचे पक्ष पाहायला सांगितले : २०२२ मध्ये त्याच प्रकारच्या ‘डेन्मार्क डेमोक्रॅट्स’ला ८.१ टक्के आणि ‘न्यू राइट’ला ३.७ टक्के मिळाले होते. म्हणजे मते पूर्णपणे संपली नव्हती, त्यातली बरीच दुसऱ्या पाट्यांखाली गेली होती. शिवाय धोरण कठोर झाले ते झालेच. तिने पुढच्या रविवारी तिन्हींची बेरीज करून आणली, आणि ती बेरीज आता वहीत आहे.

सत्तेत आल्यावर काय पाहावे

इथे भाषणांपेक्षा नियमांतील बदल पाहावेत. हंगेरीचे पान त्यासाठी पुरेसे आहे. व्हिक्टर ऑर्बान यांचा ‘फिदेस’ १९८८ मध्ये उदारमतवादी तरुणांचा पक्ष म्हणून जन्मला आणि हळूहळू उजवीकडे सरकला. २०१० मध्ये त्याच्या आघाडीला ५२.७ टक्के मतांवर ३८६ पैकी २६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशाहून अधिक मिळाल्या. तेवढ्या बळावर नवी राज्यघटना आली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ केल्याने एकाच फटक्यात अनेक ज्येष्ठ न्यायाधीश घरी गेले (युरोपीय न्यायालयाने नंतर हे बेकायदा ठरवले). संसदेच्या जागा १९९ केल्या गेल्या आणि मतदारसंघ नव्याने आखले गेले. २०१४ मध्ये मते सुमारे ४५ टक्क्यांवर आली, तरी जागा १३३, म्हणजे नेमक्या दोन-तृतीयांशाच राहिल्या. वाट्यांचा प्रयोग केलेल्यांना हे वेगळे समजवावे लागत नाही. निवडणूक आयोग, न्यायालय, सरकारी प्रसारमाध्यम आणि मतदारसंघांची आखणी या चार ठिकाणी कोणता नियम कोणत्या तारखेला बदलला, एवढे नोंदवले तरी पुष्कळ झाले.

परतीची वाट असते का, हे पोलंडच्या पानावर शोधावे. ‘लॉ अँड जस्टिस’ पक्ष २०१५ पासून आठ वर्षे सत्तेत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४ टक्क्यांवर मतदान झाले, तो पक्ष ३५.४ टक्के मतांसह पहिलाच आला, पण सरकार विरोधकांचे बनले. न्यायव्यवस्था पूर्ववत करण्याचे काम मात्र अडखळत चालले, आणि २०२५ मध्ये अध्यक्षपदी त्याच पक्षाचा पाठिंबा असलेले उमेदवार निसटत्या फरकाने निवडून आले.

बैठक चालवताना

माहिती कुठून घ्यावी, हा प्रश्न नेहमी येतो. आकडे त्या देशाच्या निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. भाषांतराची सोय आता मोबाइलवरच आहे. पक्षाचा जाहीरनामा त्याच्या विरोधकांच्या लेखातून न वाचता मूळचा वाचावा, आणि विरोधकांचे लेखही वाचावेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारी दंगलीची चित्रफीत कोणत्या शहराची, कोणत्या वर्षाची हे ठरत नसेल तर ती बैठकीत दाखवू नये. आमच्याकडे एकदा अशी चित्रफीत दाखवली गेली आणि पुढचा अर्धा तास आवाज चढवण्यात गेला, त्यात शिकण्यासारखे काहीच हाती लागले नाही.

दुसरा हमखास प्रश्न म्हणजे, आपल्याकडचे काय? तो दडपू नये, पण पहिल्या चार बैठकांत त्याला थारा देऊ नये. कारण सरळ आहे : आपल्या पक्षांविषयी प्रत्येकाचे मत आधीच ठरलेले असते, आणि परदेशाच्या उदाहरणातून मोजमाप हाती येण्यापूर्वीच ते उत्तर शोधू लागते. पाचव्या बैठकीला तो प्रश्न जरूर घ्यावा, त्याच तीन लक्षणांनी आणि त्याच रकान्यांनी, आणि ज्या पक्षाबद्दल बोलायचे त्याचा मतदार खोलीत असेल तर त्याला आधी बोलू द्यावे. तेव्हा हेही लक्षात आणून द्यावे की युरोपातील ‘परका’ हा बहुधा अलीकडे बाहेरून आलेला माणूस असतो, तर आपल्याकडे वाद शतकानुशतके शेजारी राहिलेल्या माणसांत, धर्म, जात आणि प्रांत यांच्या रेषांवर चालतात. मोजपट्टी जशीच्या तशी बसणार नाही, ती कुठे बसते आणि कुठे सुटते हे तपासणे हेच त्या बैठकीचे काम.

वहीसाठी दोनशे पानांचे मोठे रजिस्टर घ्यावे आणि प्रत्येक देशाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर स्थापनेचे वर्ष, पक्ष कोणत्या जुन्या संघटनेतून निघाला, निवडणुकीचा नियम, आणि मग एकाखाली एक वर्ष, मतदानाचे प्रमाण, मते, जागा. उजव्या पानावर दाराचा रकाना, इतरांनी उचललेल्या मागण्या आणि बदललेले नियम. पेन्सिलीने लिहावे, कारण निकालानंतरचे पहिले आकडे बदलतात. सुरुवात फ्रान्सपासून करावी : १९८६ ते २०२४ एवढा पल्ला दोन पानांत बसतो, आणि २००२ मध्ये अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत ल पेन यांना मिळालेले १७.८ टक्के, २०१७ मध्ये त्यांच्या कन्येचे ३३.९ आणि २०२२ मध्ये ४१.५ हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की पुढच्या रविवारी काय शोधायचे ते मुले स्वतःच विचारू लागतात. दाण्यांच्या वाट्या तेवढ्या कपाटात बंद ठेवाव्यात, कारण आमच्या तुरीला मागच्या पावसाळ्यात भुंगा लागला होता.